धाकट्या बॉम्बचं वर्तुळ

आरेखन खात्यात त्यांना सगळे कंपासकाका म्हणत. वर्तुळ काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगत. निवृत्तीला चार महिने उरले आणि टेबलावर नागरी संरक्षणाचं काम येऊन पडलं. शहरावर अणुबॉम्ब पडलाच तर कुठवर काय होईल, त्याची वर्तुळं काढायची. जन्मभर पाण्याच्या टाक्या नि बागांची कारंजी काढलेल्या माणसाच्या नशिबी शेवटी हे यावं!

सोबत परिपत्रक आणि बॉम्बची यादी होती. थोरला पाच कोटी टन टीएनटीएवढा, अख्ख्या शहरासाठी. मधले हजारो टनांचे, बंदरं आणि विमानतळ उडवायला. धाकटा जेमतेम वीस टनांचा, एकटा माणूस पाठीवर नेईल असा. तो एखाद्या पुलासाठी नाहीतर घाटासाठी. थोरल्याला कंपास पुरेना. काकांनी चार कागद चिकटवले आणि टाचणीला दोरा बांधून भागवलं. त्यात शहर सरसकट गेलं, म्हणून वाईट वाटायलाही जागा राहिली नाही. धाकट्याला मात्र ते म्हणाले, मूर्ती लहान पण कीर्ती महान.

धाकट्याचा नेम नदीवरच्या पुलावर धरायचा होता. पुलाजवळच काकांच्या लेकीची गल्ली. नवं घर, दुसरा मजला, त्यात तिला सातवा महिना. काकांनी एका दमात वर्तुळ काढलं. गल्ली थोडक्यात बाहेर राहिली. सुटली पोर, म्हणत त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुपारी तपासनीस बाईंनी भिंग लावलं. कंपासच्या टोकाचं भोक पुलावर नव्हतंच, अर्धा सेंटिमीटर पलीकडे पाण्यात होतं. चौतीस वर्षांतली पहिली चूक. काका भडकले. कागद आखडला असेल, तुमचं भिंगच खराब आहे, काय वाट्टेल ते बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परिपत्रकाचं शेवटचं पान पुढे सरकवलं. ते काकांनी वाचलंच नव्हतं.

"काका, वर्तुळातल्याच गल्ल्यांना आसऱ्याचं तळघर बांधून मिळणार आहे. बाहेरच्यांना नाही."

काकांनी ते पान वाचून काढलं. मायेपोटी हात चळला होता, आणि तीच माया लेकीच्या जिवावर उठली होती. बाई म्हणाल्या, मी काढते. काकांनी नकारार्थी मान हलवली. दोनदा कंपास टेकवला, दोनदा उचलला. तिसऱ्यांदा टोक बरोबर पुलावर रोवलं आणि पोटुशी लेक स्वतःच्या हाताने वर्तुळात घेतली.

महिन्याभरात तिच्या गल्लीत खोदकाम सुरू झालं. काका भेटायला गेले तर पोरगी कौतुकाने नुसती फुलली होती. पलीकडच्या गल्लीतले लोक जळताहेत, म्हणाली.

"बाबा, खरं सांगा, तुम्हीच वशिला लावलात ना?"

काकांनी खिडकीतून खाली खड्ड्याकडे पाहिलं.

"हो गं," ते म्हणाले. "मीच लावला."