मस्कतची मावशी

बाबा गेल्यावर आईने मला डोंबिवलीला मामाकडे ठेवलं, ते शाळा सुरू होईपर्यंत म्हणून. शाळा सुरू झाली, मी चौथी पास झाले, आई काही आली नाही. ती मस्कतला नोकरीला गेली आणि तिथेच तिने दुसरं लग्न केलं. मामी मला मारायची वगैरे नाही. फक्त पाहुण्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवत सांगायची, "हिच्या आईने टाकली, आम्ही उचलली." पाहुणे चुकचुकायचे आणि चकल्या खायचे. त्या चुकचुकण्याची मला अजून चीड येते.

मग मामीनेच आईला फोन करून कळवलं, आता तुझी पोर तू सांभाळ. माझी बॅग तिने इतक्या चपळाईने भरली की मामा ओशाळला. मी मात्र खुशीत होते. विमानतळावर जाताना माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सी अडकली, तरी मी गातच होते, मामा गप्प बस म्हणेपर्यंत.

मस्कतला आई एकटीच न्यायला आली. गाडीत तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "घरी मला मावशी म्हणायचं. एकदा जरी आई म्हणालीस, तर परत मामीकडे." नव्या नवऱ्याला तिने पहिलं लग्न सांगितलं होतं, मी सांगितली नव्हती.

मी मावशी म्हणायला शिकले. पोपट शिकतो, मी का नाही शिकणार? पण एकदा दारात बोट चेमटलं आणि तोंडातून "आई गं" निघालं. ठेच लागली की अख्खा महाराष्ट्र तेच म्हणतो. तिच्या नवऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही. तिने मात्र असं पाहिलं की मी बोट विसरले. त्यानंतर मी तोंड उघडायचे ते फक्त जेवायला. आधी ठरवून गप्प राहिले, पुढे बोलायला गेले तरी आवाज फुटेना.

शेवटी काळजी वाटली ती तिच्या नवऱ्यालाच. माणूस भला होता, हे लिहितानाही मला राग येतो. तो आम्हा दोघींना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, ही लहानपणी वेळेवर बोलायला लागली होती का? आई नवऱ्याकडे बघत म्हणाली, "मला काय माहीत? हिच्या आईलाच ठाऊक."

तेव्हा मात्र मला बोलायचंच होतं. मामी तर मामी. मी तोंड उघडलं, सगळा जीव घशात आणला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, मी घसा दाखवतेय. त्यांनी बॅटरी मारली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, घसा अगदी साफ आहे.