नवरीच्या पाण्याचा गुंड

पिपरी मेघेत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मी मायला एकच वस्तू मागितली, तिचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड. भरलेलं भांडं घेऊन नव्या घराचा उंबरा ओलांडायचा असतो, आणि ते भांडं आमच्याच घरचं असावं असं मला वाटत होतं. मायने तो नव्या टॉवेलात बांधून दिला आणि बजावलं, "वास्तू झाली का परत आणजो. माया एकटीचा नाई तो, गल्लीचा हाये."

तिचं म्हणणं खरं होतं. आमचं गाव अल्लीपूरच्या अलीकडे. आमच्या गल्लीत लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नवरी विहिरीवरून पाणी आणते. ते तांब्याच्या गुंडातच आणायचं. त्यातलं थोडं उंबऱ्यावर ओतायचं आणि उरलेलं घरातल्या प्रत्येकाला प्यायला द्यायचं. मग ती त्या घरची झाली. गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापले गुंड कधीच मोडीत देऊन स्टीलच्या घागरी घेतल्या होत्या. मायने दिला नाही. त्यामुळे माझ्या आठवणीतली गल्लीतली प्रत्येक नवरी आमच्याच गुंडाने सासरची झाली.

गुंड हाताने ठोकलेला होता. पोटावर हातोडीच्या बारीक खुणा दाटीने उमटलेल्या होत्या आणि वरचा अर्धा भाग खालच्या भागाला दातेरी जोडाने जोडलेला होता. एका बाजूला पोचा होता. माझ्या वेळी माय गरोदर असताना विहिरीच्या पायरीवर घसरली, तेव्हा तो पडला. पुढे तीच बाजू तिच्या कमरेवर नीट बसायची.

आणखी एक सांगायला हवं. गावाबाहेरून आलेले आमचे गुरुजी एका खोलीत राहायचे. त्या खोलीत नळ नव्हता. पाच वर्षं मायने याच गुंडाने त्यांचं पाणी भरलं आणि त्याच्या बदल्यात गुरुजींनी मला रोज संध्याकाळी इंग्रजी आणि गणित शिकवलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आज मी वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवतो. सत्काराच्या भाषणात मी गुरुजींचे आभार मानतो, मायचेही मानतो. गुंडाचं नाव कधी निघालं नाही.

वास्तू झाली. गुंड परत नेला नाही. आधी "पुढच्या रविवारी" म्हणालो, मग मायने विचारणं सोडलं. तोवर तो आमच्या बैठकीत कोपऱ्यात ठेवलेला होता आणि येणारा-जाणारा त्याला हात लावून बघायचा. एका सहकाऱ्याच्या घरी मी जुन्या हंड्याचा दिवा केलेला पाहिला होता. मलाही तसाच हवा झाला. बाजारातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेऊन मी बुडाशी करंगळीएवढं भोक पाडून घेतलं. एक क्षणही लागला नाही. भोकातून तांब्याचा गुलाबी, कोवळा दिसणारा कीस बाहेर आला तो मी फुंकून टाकला. आत वायर घातली, वर दिव्याची टोपी बसवली. पोट चिंचेने घासून लखलखीत केलं, बूड मात्र काळंच राहू दिलं. ते कुणाला दिसणार होतं?

फोटो कॉलेजच्या मोबाइल गटावर टाकला. खाली लिहिलं, "आपला वारसा आपणच जपायचा." पुष्कळ कौतुक झालं. त्या कौतुकाच्या भरात मी मुलांपुढे जुन्या भांड्यांवर एक व्याख्यानही दिलं.

मग मायचा फोन आला. शेजारच्या काकूंच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. "सोमवारी नवरीचं पाणी हाये. गुंड घेऊन येजो."

मी सांगू शकलो असतो. फोनवर सांगायला तर तोंडही दिसत नाही. मी "आणतो" म्हणालो.

वायर आणि टोपी काढली. नळाच्या पाइपाचं गळणं थांबवायला जी काळी पुट्टी मिळते, ती आणून मळली आणि बाहेरून भोकात दाबली. काळ्या बुडावर ती दिसून येत नव्हती. अर्धा गुंड पाणी भरून तासभर ठेवला. थेंब गळला नाही. मला सुटल्यासारखं झालं. खरं म्हणजे तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

सोमवारी सकाळी गल्ली जमली होती. नवरी विहिरीवरून काठोकाठ भरलेला गुंड कमरेवर घेऊन निघाली. हिरवी साडी, हातभर चुडा. काकूंच्या ओसरीच्या खांबापाशी मी उभा होतो. दार पन्नास-साठ पावलांवर राहिलं असताना पुट्टी निसटली. पाण्याची धार तिच्या साडीवरून, पायावरून मातीत गेली. ती थांबली, खाली बघितलं, मग तशीच झपझप चालत उंबऱ्याशी आली. तोवर गुंडात जेमतेम तांब्याभर पाणी उरलं होतं.

कुणीतरी हसून म्हणालं, "नवरीचं न्हाणंबी उरकलं बापा!"

पण काकूंची म्हातारी सासू हसली नाही. "पहिल्याच पाण्याले गुंड फुटला वो. पायगुण म्हणतेत तो हाच."

नवरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात माय पुढे झाली आणि तिने गुंड स्वतःच्या हातात घेतला. "पायगुण कायचा? गुंडच फुटका होता. मले माहीत होतं, सांगाचं राह्यलं."

"माहीत होतं अन् नवरीच्या कमरेवर देला? डोये फुटले होते काय तुये?" म्हातारी कडाडली.

"फुटले होते समजा."

"उभ्या गल्लीत एक भांडं, तेबी धड ठेवता नाई आलं तुले!"

गुंड उलटा धरून मायने उरलेले थेंब झटकले. मी खांबाला धरून उभा होतो. माझ्या अंगात लग्नासाठी शिवलेला नवा कुर्ता होता. तोंड उघडायला दोन पावलं पुढे जावं लागलं असतं. मी गेलो नाही.

घरी आल्यावर मायने बुडाच्या भोकात करंगळी घालून पाहिली.

"गोल हाये," ती म्हणाली. "पडून असं होत नाई."

मी सगळं सांगितलं. वायरचं, टोपीचं, पुट्टीचं. व्याख्यानाचं तेवढं सांगितलं नाही. ती ऐकत होती. मला वाटलं ती रागावेल. तिने एवढंच विचारलं, "चांगला दिसे काय?"

"हो," मी म्हणालो.

"बरं," असं म्हणून ती चुलीकडे गेली.

वर्ध्यात एक म्हातारे तांबट अजून काम करतात. मी गुंड त्यांच्याकडे नेला. त्यांनी आतून तांब्याचं ठिगळ बसवलं, खिळ्यांनी पक्कं केलं आणि ठोकून ठोकून बुडाशी एकजीव केलं. "दिव्यासाठी भोक पाडून द्या म्हणणारे येतात," ते म्हणाले, "बुजवायला आणणारे तुम्हीच." मी शहाणपण केलंय असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. आता माझी तीच सवय झाली होती.

महिन्याभराने गुंड गावी नेला. मायने पाणी भरून रात्रभर तिवईवर ठेवला आणि सकाळी खालची फरशी चाचपून पाहिली. कोरडी होती.

"आता पाणी धरते," ती म्हणाली. "पण मागाले कोणी येत नाई. टोकाच्या घरी लगन झालं परवा. स्टीलची घागर नेली त्याईनं."

"अन् काकूंची सून?"

"तिची आजेसासू अजून बोलते तिले. दूध नासलं का तिचा पायगुण, म्हैस आटली का तिचा पायगुण. मी म्हणतो गुंड फुटका होता, तं म्हणते तू तिची बाजू घेऊन राह्यली."

म्हणजे मायने माझा दोष अंगावर घेतला, तोही वाया गेला होता. गल्लीत माय निष्काळजी ठरली होती आणि वर एका नव्या मुलीच्या माथ्यावर तिने न केलेलं अपयश बसलं होतं. मी मात्र गल्लीत अजून "सर" होतो.

मी शेजारी गेलो. काकूंची सून अंगणात भांडी घासत होती. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी गुंड फुटला त्यात तुमचा काही दोष नाही. भोक मी पाडलं होतं आणि मीच ते पुट्टीने बुजवून आणलं होतं."

तिने मान वर केली. "मले माहीत हाये भाऊजी. ते काळं बूच माया पायापाशीच पडलं होतं. त्याच्यावर पाय देऊनच मी पुढं आली. मंग तुमची माय म्हणाली गुंड फुटका हाये, तं मी काय बोलू? त्या खोट्या पडल्या असत्या."

तिने राखेचा हात धुतला.

"मले काऊन सांगता? मले तं माहीतच हाये. तिकडं वट्यावर बसल्या हायेत, त्याईले सांगा."

काकूंच्या ओसरीसमोरच्या वट्यावर चार-पाच जणी तूर निवडत बसल्या होत्या. त्यात मायही होती आणि सुनेची आजेसासूही. वर्गात मी कागद न घेता तासभर बोलतो. तिथे मात्र मी चपलेचा अंगठा मातीत रुतवत उभा राहिलो.

"काय गा मास्तर," म्हातारी म्हणाली, "पोटात दुखून राह्यलं काय?"

मायने सूप मांडीवर ओढून घेतलं आणि वट्यावर मला जागा केली. मी बसलो नाही.

"त्या गुंडाले भोक मी पाडलं होतं," मी म्हणालो. "लाइट लावाले. मायले माहीत नव्हतं. नवरीलेबी माहीत नव्हतं."

सगळ्यांचे हात थांबले. मायचे तेवढे चालू होते. ती खडे वेचत राहिली. काकूंच्या दारात सून येऊन उभी राहिली होती. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"अन् त्या दिवशी तुई माय माया शिव्या खाऊन राह्यली होती, तव्हा तू कोठं होता?"

"इथंच होतो," मी म्हणालो, आणि हात वर करून ओसरीचा तो खांब दाखवला.