समासातली ओळख

मी प्रुफं तपासते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून जगले, त्यामुळे जीभही तशीच झालीय. नवरा म्हणतो, "हिच्याशी बोलायचं तर आधी कच्चं लिहून आणावं."

एका लेखिकेची जवळजवळ सगळी पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. बाई कुणालाच भेटत नसत. फोटो नाही, मुलाखत नाही. पत्ता फक्त प्रकाशकांच्या कपाटात. पण समासात मी पेन्सिलीने शंका लिहायची आणि त्या खाली उत्तर लिहायच्या. एकदा मी लिहिलं, "हा भाऊ दोन पानांपूर्वी धाकटा होता." खाली आलं, "तुम्ही नसता तर माझ्या पुस्तकात कोण कुणाचं लागतं, हे मलाही कळलं नसतं." नवऱ्याला ते तीनदा वाचून दाखवलं.

एका पुस्तकाच्या वेळी कुणाच्या तरी चुकीने गठ्ठ्यात त्यांचं पाकीट आलं, पत्त्यासकट. ते फाडून टाकावं एवढी अक्कल मला होती. तरी गेले. प्रुफं हातानेच दिलेली बरी, असं स्वतःला बजावत गेले.

दार वीतभर उघडलं. म्हाताऱ्या, किरकोळ अंगाच्या बाई, अंगात स्वेटर. आणि मी, नाव सांगायचं सोडून, काय बोलले? "बाई, तुमची बटणं एक घर चुकलीत."

जित्याची खोड, दुसरं काय. त्यांनी खाली पाहिलं. बटण काढायला लागल्या, ते निघेना. मी मदतीला हात पुढे केला, तशा त्या मागे सरकल्या.

"तुम्हीच का त्या, समासातल्या?"

मी मान हलवली.

"बरं. तिथे ठेवा," म्हणाल्या आणि दार लावलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन माफीचं पत्र लिहिलं आणि फाडलं. जिला माणूस दारात नको, तिच्या दारात पत्र तरी कशाला टाकायचं?

पुढच्या पुस्तकाला त्यांनी दुसरा तपासनीस मागितला. प्रकाशक म्हणाले, "कारण काही दिलं नाही हो त्यांनी." मी दुसऱ्या कुणाची प्रुफं उचलून घरी आले. जनाची नाही, निदान मनाची तरी होती.

पुस्तक दुकानातून आणलं, पेन्सिल लांब ठेवून वाचलं. चाळिसाव्या पानावर वारलेली मावशी साठाव्या पानावर भाजी निवडत बसली होती. माझ्या हातून ही चूक सुटली नसती. फोनकडे हात गेलाही. मग वाटलं, पुरे झालं आता, आणि मावशीला तिथे निवांत बसू दिलं.