गाडीतली बाई

माझ्या फजित्या तशा पुष्कळ आहेत. पण मयतीच्या दारात झालेली ही एकच, आणि तीही सख्ख्या भावाच्या. ऐकताना हसायचं की नाही, असा विचार करत बसू नका. आमच्या घरचे त्याच दिवशी हसून मोकळे झालेत.

रविवार होता. पोहे खाऊन, चहा पिऊन मी जळगावात, मेहरूणमधल्या आमच्या घरासमोर माझ्याच गाडीत पडलो होतो. डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर, तोंडात टेस्टर, पोटावर इन्सुलेशन टेपचं रीळ. हे दृश्य आमच्या गल्लीला नवीन नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, पण जीव सगळा वायरींत. जुना डेक काढून त्या जागी मी बाजारातून आणलेला स्वस्तातला ब्लूटूथचा बोर्ड बसवत होतो. चावीकडून येणारी वायर कुठे जळाली होती ते सापडेना, म्हणून म्हटलं, कशाला शोधायची? लाल वायर थेट बॅटरीला जोडली. आवाजाचं बटण घरातल्या टेबलावर राहिलं होतं. ते नंतर लावू म्हटलं. बोर्ड पूर्ण आवाजावर होता, असू दे.

बोर्ड चालू झाला. त्यातून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "ब्लूटूथ डिव्हाइस इज कनेक्टेड." मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आणि लगेच फोन वाजला.

धुळ्याहून पुतण्या होता, प्रशांत. चारही स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "नाना काका, भाऊ गेले."

मी बसवलेल्या बोर्डावर आलेला हा पहिला फोन. समोरच्या ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या काकूंना बातमी माझ्याबरोबरच कळली. त्या सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी डॅशबोर्डखालून बाहेर आलो आणि टेस्टर तोंडातून काढायला विसरलो.

भाऊ माझा मोठा भाऊ. धुळ्याला देवपुरात राहायचा. साऱ्या खानदानात माझ्या हाताच्या दुरुस्तीवर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस. बाकीच्यांचा नव्हता, आणि त्यांच्याकडे कारणं होती. चुलतभाऊ दिलीपच्या जीपचा हॉर्न मी एकदा नीट केला, तेव्हापासून ती जीप डावीकडे वळताना आपोआप ओरडते. भाऊच्याच बायकोचा, म्हणजे वहिनींचा मिक्सर मी उघडला, तो चालू केला की त्यांच्या घरातला टीव्ही बंद पडतो. तरी गेल्या दिवाळीआधी भाऊनं आपल्या गाडीतला जुना कॅसेटचा डेक काढून माझ्या हातात दिला होता. "नाना, घाई नाही. पण तूच कर." मग दर फोनला शेवटी विचारायचा, "माझ्या डेकचं काय?" मी म्हणायचो, "एक कपॅसिटर यायचाय."

तर ते असो.

सुनंदा, म्हणजे आमच्या सौ., आदल्या दिवसापासून भुसावळला बहिणीकडे होत्या. त्यांना म्हटलं, तू बसनं ये, मी निघतो. डॅशबोर्डला पडलेलं भोक तसंच, वायरी लोंबत्या, आणि मी हायवेला. एरंडोलपर्यंत ती बाई गप्प होती. मग खड्डे सुरू झाले. खड्डा आला की माझी अर्थिंगची वायर सुटायची आणि परत टेकायची, आणि टेकली की बाई आपली हजेरी लावायची. "कनेक्टेड." पारोळ्याच्या पुढे तर मी तिला "हो बाई" म्हणायला लागलो होतो. रडू येत होतं, पण दर वेळी ही मध्ये बोलायची आणि ते तिथेच अडकायचं.

देवपुरात पोचलो तेव्हा गल्लीत मांडव पडला होता. पुरुष बाहेर, बायका आत. सुरतेहून पुतणी यायची होती, तोवर थांबणं होतं. मी गाडी कडुनिंबाखाली लावली, चावी काढली, कुलूप लावलं. उन्हासाठी काचांना काळ्या जाळ्या होत्याच. चावी काढली की गाडीतलं सगळं बंद होतं, नाही का? जगातल्या सगळ्या गाड्यांत होतं. माझ्या गाडीत मी लाल वायर थेट बॅटरीला जोडली होती.

आता नीट लक्ष द्या. फोन माझ्या खिशात. मी भाऊपाशी आतल्या खोलीत गेलो की फोन गाडीपासून लांब जायचा, आणि बाहेर कडुनिंबाखालून बाई ओरडायची, "डिस्कनेक्टेड." मी मांडवात आलो की "कनेक्टेड." आत रडारड चाललेली, मला काही ऐकू येत नव्हतं. मांडवात होतो तेव्हा कोणी ना कोणी गळ्यात पडलेलं. मला कसला पत्ता?

मांडवातल्यांना मात्र पुरता पत्ता लागला होता. नानाच्या गाडीत एक बाई आहे. काळ्या जाळीआड बसली आहे. नाना आत गेला की इंग्रजीतून ओरडते, बाहेर आला की परत बोलते.

आमच्याकडे मयतीला दारावर आलेली बाई गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत येते आणि थेट बायकांत जाऊन बसते. वैर असलं तरी येते. दारावर येऊन गाडीतून न उतरणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकणं. तरी पाहुणी शहरातली दिसते, तिला रीत माहीत नसेल, असा विचार करून दिलीप भला माणूस पाण्याचा तांब्या घेऊन काचेपाशी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, पाणी तरी घ्या." नेमका तेव्हाच मी आत गेलो. बाई त्याच्या अंगावर ओरडली. दिलीप तांब्या घेऊन परत आला आणि मांडवात म्हणाला, फार शिकलेली दिसते, पण वळण नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. मला कळायला सुरुवात झाली ती अक्कानं बोलावलं तेव्हा.

अक्का म्हणजे माझी आत्या. साक्रीकडच्या खेड्यात असते, अहिराणीतच बोलते, ऐंशीच्या पुढची, आमच्या घराण्याचं सुप्रीम कोर्ट. ती मला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेली.

"तिले उतारस का नही?"

मला वाटलं, सुनंदाबद्दल विचारते. म्हटलं, "अक्का, ती मागून येतेय, बसनं."

अक्कानं डोळे बारीक केले. "ती मांगून ई ऱ्हायनी. मंग पुढे लयेल शे ती कोण?"

"पुढे कोणालाच आणलेलं नाही. मी एकटा आलोय."

"नाना, बठ्ठा गावनी ऐकं. भाऊ आठे पडेल शे, आणि तुले लाज शे का नही?" साऱ्या गावानं काय ऐकलं, ते मला कळेना. मग तिनं आवाज खाली आणला. तो खाली आला की निकाल लागला समजायचं. "तिले उतार. नही ते भाऊले खांदा देवाले येवू नको."

आता सांगा, मी काय करायचं? कोणाला उतरवू? मला एवढंच कळलं की ज्या भावासाठी धावत आलो, त्याला खांदा द्यायला ही म्हातारी मला नाही म्हणते आहे, आणि का ते मला माहीत नाही. अक्काच्या शब्दापुढे कोणी जाणार नव्हतं, प्रशांतसुद्धा नाही. पुरुष माझ्याकडे बघत नव्हते, चपलांकडे बघत होते.

तेवढ्यात सुनंदा आली. रीतीप्रमाणे गल्लीच्या तोंडापासून रडत. आणि झालं काय, की आतल्या साऱ्या बायका वहिनींना सोडून हिच्याकडे धावल्या. कोणी पाठीवरून हात फिरवतंय, कोणी म्हणतंय, "बाई, धीर धर, आम्ही आहोत." कोणी म्हणतंय, "पोरांकडे बघ." भाऊचा हिच्यावर बहिणीसारखा जीव होता, म्हणून हिला वाटलं, लोकांना त्याची जाण आहे. त्यामुळे ती आणखीच रडली. त्यामुळे बायका आणखीच. नवरा गेलेल्या वहिनी भिंतीला टेकून हे सगळं बघत होत्या. सकाळपासून त्यांनी ना टिपूस गाळलं होतं, ना शब्द काढला होता.

शेवटी अक्का उठली, माझं मनगट धरलं आणि मला गाडीकडे घेऊन निघाली. मागे दिलीप, प्रशांत, निम्मा मांडव, सगळ्या बायका, मध्ये सुनंदा, आणि कोणाच्या तरी आधारानं वहिनीही. मी गाडीपाशी पोचलो, तशी आतून बाई म्हणाली, "कनेक्टेड."

सुनंदाचं रडणं थांबलं. "कोण आहे हो आत?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कुलूप काढलं, दार सताड उघडलं. सीटवर इन्सुलेशन टेप. डॅशबोर्डला भोक. भोकातून लोंबणाऱ्या वायरींच्या टोकाला निळा दिवा लुकलुकणारा बोर्ड.

मला समजावून सांगायचं होतं, पण लाल वायर, चावी, फोनचं अंतर, हे मयतीच्या दारात कुठून सुरू करायचं?

वहिनी पुढे आल्या. त्यांनी आत वाकून बघितलं, भोक बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "बाई नाही ती. नानांनी स्वतः दुरुस्त केलंय."

बस. एवढं एक वाक्य. त्यावर सगळा मांडव एकदम "अस्सं" म्हणाला. कोणाला पुढे काही विचारायचंच नव्हतं. दिलीपनं तांब्या खाली ठेवला आणि तोंडाला उपरणं लावलं; त्याचे खांदे हलत होते. मग वहिनींचेही हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, ते मी आजही सांगू शकत नाही. सकाळपासून अडकलेलं मात्र सुटलं. सुनंदानं त्यांना धरलं.

मी लाल वायर ओढायला वाकलो, तर दिलीपनं मला मागे खेचलं. "नाना, आता हात लावू नको. पेट घेईल. आधी भाऊला पोचवू."

पुतणी आली आणि आम्ही भाऊला उचललं. पुढचा उजवा खांदा माझा. गल्ली ओलांडून वळलो, तसं मागून कडुनिंबाखालून खणखणीत ऐकू आलं, "डिस्कनेक्टेड."

नंतर कळलं, दारात उभी राहिलेली अक्का तेव्हा म्हणाली, "चाल. तिनी बी निरोप दिधा."

सुतक संपून गंधमुक्ती झाल्यावर आम्ही जळगावला परत निघालो. फागण्याजवळ सुनंदा म्हणाली, "एवढ्या बायका माझ्यासाठी रडल्या. पण तुम्हाला कोण बाई भेटणार, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही."

बोर्ड मी काढून टाकला. गाडीत आता काहीच वाजत नाही.

भाऊचा डेक माझ्या टेबलावर उघडा पडलाय. कपॅसिटर कधीचा आलाय. अजून बसवलेला नाही.