गाय घाणेरी खाते का?

"आमची गाय घाणेरडं खात न्हाई, डॉक्टर!" तळेघरच्या वरच्या वाडीतून धोंडीभाऊ इतके कडाडले, की मी फोन कानापासून लांब धरला.

मी एवढंच विचारलं होतं, "गायीने घाणेरी खाल्ली का?" घाणेरी म्हणजे बांधावर माजणारं लाल-पिवळ्या फुलांचं उग्र वासाचं झुडूप. जनावराच्या पोटात गेलं की यकृत बिघडवतं. उत्तर 'न्हाई' आलं. मी घाणेरीवर काट मारली आणि निघालो.

दिवस लम्पीचे होते. अंगावर गाठी उठवणारा हा साथीचा रोग माश्या, डास, गोचीड पसरवतात. तालुक्यात गाय शिंकली तरी मला फोन. दवाखान्याची जीप नेहमीप्रमाणे गॅरेजात. तळेघरपर्यंत एसटी, पुढे तासभर चढण, वर एप्रिलचं ऊन. पोचेपर्यंत माझं डोकं गायीपेक्षा जास्त तापलं होतं.

गाय संकरित, काळीपांढरी, आठव्या महिन्याची गाभण. नारायणगावच्या मेव्हण्याने महिन्यापूर्वी दिलेली. घरात दुभती होणार ती एवढीच. धोंडीभाऊंच्या बायकोने, हिराबाईंनी, पोटातल्या वासराचं नावही ठरवून टाकलं होतं, चांदी. आता गायीची नाकपुडी खरबरीत, चारा कमी, अंग सुजलेलं. मानेवर दोन गाठी. (त्या गोचिडाच्या होत्या, हे पुढे कळलं.)

"लम्पी," मी जाहीर केलं. "हिला बाकीच्या गुरांपासून लांब बांधा."

"कुठं?"

"तिकडे, बांधाला." बोट माझंच.

नमुना घेऊन साहेबांना फोन केला.

"खात्री आहे?"

"संशयित आहे, सर."

"म्हणजे तुम्हाला खात्री नाही, पण वर मी कळवायचं. शाब्बास!"

तीन दिवसांनी पुन्हा फोन. "डॉक्टर, गाय लईच बिघडली. कातडं पापडावानी सुटतंय."

मी वैतागलो. औषध दिलंय, लांब बांधलंय, आणखी काय करायचं माणसाने? पुन्हा एसटी, पुन्हा चढण. वर गाय भर उन्हात बांधाला मान टाकून उभी. शेजारी हिराबाई, कमरेवर हात.

"डॉक्टर, एक इचारू? तुमचा ह्यो लम्पी रंग बघून येतो का?"

"म्हणजे?"

"काळ्यावर काय बी न्हाई. पांढरं तेवढंच सोललंय."

मी बघितलं. खरंच. काळे ठिपके चकचकीत, पांढरी कातडी सालपटासारखी लोंबलेली. डोळ्यांची पापणी उलटली, तर आत पिवळं. कावीळ. मग नजर बांधाकडे गेली. दाव्याच्या लांबीएवढ्या अर्धगोलात झुडपाचे शेंडे साफ खुडलेले.

"हे हिने खाल्लं?"

"पहिल्या दिशी खाल्लं. त्याआधी बी तोंड लावायची. टणटणी हाये ती," हिराबाई म्हणाल्या.

"अहो, हीच घाणेरी! मी फोनवर विचारलं नव्हतं का?"

"घाणेरी म्हंजी आमाला वाटलं, घाण," धोंडीभाऊ खाली बघत म्हणाले. "आमची गावठी गुरं हिला हुंगत बी न्हाईत, राव. ही पडली बागायतातली. हिरवं दिसलं की वढती."

यकृत बिघडलं की हिरव्या चाऱ्यातला एक घटक रक्तात साचतो. मग ऊन लागलं की पांढरी कातडी भाजून निघते. काळी वाचते. उपाय दोन: झुडपापासून दूर नेणे आणि सावलीत ठेवणे. मी तिला उन्हात बांधलं होतं, झुडपाच्या कुशीत. गायीला वाचा असती, तर साहेबांआधी तिनेच माझी तक्रार केली असती.

गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिला हलवलं. सलाइन लावलं. पोटातलं विष शोषायला औषधी कोळशाची भुकटी पाजली.

"चुलीतला चालला नसता का?" हिराबाई.

"नाही."

"न्हाई, तुमचं आतापातूरचं बघून इचारलं."

पुढचे दहा दिवस मी एक दिवसाआड ती चढण चढलो. शिक्षा कोणी दिली नव्हती, मीच घेतली. पाचव्या दिवशी गायीने रवंथ केला. धोंडीभाऊंनी शेजाऱ्याला हाक मारून दाखवला.

नमुन्याचा रिपोर्ट आला. लम्पी नाही.

"मग काय होतं?" साहेब.

"टणटणी, सर."

"फॉर्मात हा रोग कुठे आहे?"

गाय महिन्याभराने व्याली. कालवड, धडधाकट, नखशिखांत काळी. नाव मात्र चांदीच राहिलं. "हिला आता कुठं बी बांधा, डॉक्टर," हिराबाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी झुडपाचं नाव विचारत नाही. बॅगेत फांदी ठेवतो, समोर धरतो आणि विचारतो, "ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" एसटीत शेजारचा नाक दाबतो. "काय हे घाणेरं घेऊन फिरता, राव?"

मी म्हणतो, "बरोबर ओळखलंत."