कागदात गुंडाळलेली दोन पिस्तुलं

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना माझी गडबड होते. पण दोन पिस्तुलांची ती घटना काल घडल्यासारखी आठवते. गंमत म्हणजे ती घडली तेव्हा मी निवृत्त झालो होतो, अंगावर गणवेश नव्हता आणि हद्दही माझी नव्हती. हद्द सोडा, देशसुद्धा माझा नव्हता.

माझी मुलगी आणि जावई तोक्योमध्ये निशी-कसाईला राहतात. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. तिथे आपली माणसं इतकी आहेत की भारतीय किराणा दुकानात कोथिंबीर घ्यायला गेलं तरी कोथरूडची चौकशी होते. मुलीने मात्र पहिल्याच दिवशी बजावलं की बाबा, इथे कोणाला उगाच प्रश्न विचारायचे नाहीत, लोकांना आवडत नाही. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत गेलो. तिला तिथे कोबान म्हणतात. ड्युटीवर एक तरुण पोलीस होता. आपण दोघे एकाच खात्यातले आहोत, हे मी त्याला खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत समजावलं. त्याने उठून, कमरेत वाकून नमस्कार केला, मला परिसराचा नकाशा दिला आणि हा म्हातारा हरवला आहे असं समजून घरापर्यंत सोडायला आला. दार उघडल्यावर मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता मूळ विषयाकडे येतो. नोकरीतली काही वर्षं माझ्याकडे शस्त्र परवान्यांच्या चौकशा होत्या. परवाना मागणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. त्याला विचारलं, भीती कोणाची, तर तो आधी छताकडे बघतो. ज्याला खरोखर धमकी आलेली असते तो छताकडे बघत नाही, तो दाराकडे बघतो. बाकीच्यांना बहुतेक वेळा व्याह्याकडे रिव्हॉल्व्हर आहे म्हणून हवं असतं. दुसरी गोष्ट, हत्यार कमरेला लावून चालणाऱ्या माणसाची चाल बदलते. एक हात शरीरापासून जरा लांब राहतो आणि दर थोड्या वेळाने शर्ट खाली ओढला जातो. हे डोळ्यांत इतकं मुरलेलं असतं की निवृत्तीचा आदेश निघाला म्हणून जात नाही.

त्यामुळे एका संध्याकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर शिरला, तेव्हा मी सावध झालो. पुण्याचा मुलगा, एका आयटी कंपनीत चांगल्या पदावर, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी असं कुटुंब. एका हातात मेथीची पिशवी, दुसरा हात शर्ट ओढतोय, आणि उजवा पाय न वाकवता चाललाय. मी पायाला काय झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काही नाही काका, क्रॅम्प आलाय." तेवढ्यात त्याच्या पँटच्या पायातून एक पिस्तूल घसरत खाली आलं आणि माझ्या चपलेवर पडलं.

तीस-पस्तीस वर्षं पोलिसात काढल्यावर माणूस अशा वेळी ओरडत नाही. मी पिस्तूल उचललं आणि वजनावरूनच कळलं की ते खेळण्यातलं आहे. प्लास्टिकचे छर्रे मारणारी, दिसायला हुबेहूब अशी पिस्तुलं तिथे मोठ्या माणसांना दुकानात मिळतात. मी ते मेथीच्या पिशवीत टाकलं आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो.

तिथे सगळा उलगडा झाला. कंपनी त्याला बढती देऊन टेक्सासला पाठवणार होती. दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी होकार कळवायचा होता. आणि टेक्सासला जायचं म्हणजे पिस्तूल हवंच, असं त्याने इंटरनेटवर बघून ठरवलं होतं. एक नव्हे, दोन. घराच्या रक्षणासाठी वेगळं आणि अंगावर लपवून बाळगायला वेगळं. दोन्ही प्रकारची खेळणी आणून तो सराव करत होता. मला पाहून त्याला फार आनंद झाला, कारण इतक्या दिवसांत त्याला या विषयावर बोलायला कोणी मिळालं नव्हतं.

विषय मात्र त्याने चोख अभ्यासला होता, हे मान्य करायला हवं. घरातलं पिस्तूल मोठं हवं, कारण ते कुठे न्यायचं नसतं. जड असलं की हातात स्थिर राहतं, झटका कमी बसतो, गोळ्या जास्त मावतात, पुढे टॉर्च लावता येतो. अंगावरचं चपटं आणि आखूड हवं, शर्टाखाली दिसता कामा नये. एकाच पिस्तुलात दोन्ही कामं बसवायला गेलं की ते घरात अपुरं पडतं आणि कमरेला टोचतं. मी त्याला एवढंच म्हटलं की बाबा रे, कमरेचं हत्यार संडासातही बरोबर न्यावं लागतं, आणि महिन्याभरात बहुतेकांचं कपाटात जाऊन पडतं. त्याने तेही मोबाइलमध्ये लिहून घेतलं. त्याची बायको चहा ठेवून गेली. ती एक शब्दही बोलली नाही, याची मी मनात नोंद केली.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी इमारतीखाली गर्दी जमली. तिकडची गर्दी म्हणजे लोक अंतर ठेवून, गप्प उभे असतात, तरी ती गर्दीच. कचरा टाकायच्या जागेभोवती पट्टी बांधली होती. कचऱ्याचं तिथे मोठं शास्त्र आहे. जळणारा कचरा एका वारी, प्लास्टिक दुसऱ्या वारी, न जळणारा महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी. त्यात फुटलेली काच किंवा जुनी सुरी टाकायची असेल तर ती कागदात नीट गुंडाळायची आणि वर ठळक अक्षरांत जपानीत ‘धोका’ असं लिहायचं, म्हणजे उचलणाऱ्याचा हात कापत नाही. तर त्या सकाळी कचरा उचलणाऱ्याला पारदर्शक पिशवीत दोन पुडकी दिसली होती. कागद सुबक गुंडाळलेला, चिकटपट्टी लावलेली, वर लाल अक्षरांत ‘धोका’, आणि आकार स्वच्छ पिस्तुलाचा. त्याने पिशवी खाली ठेवली आणि पोलिसांना बोलावलं. मी असतो तरी तेच केलं असतं.

तासाभरात तो कोबानचा तरुण पोलीस आमच्या दारात हजर. पुडकी उघडून बघितली, खेळणीच निघाली, असं त्याने सांगितलं. पण गुंडाळलेला कागद भारतीय किराणा दुकानाच्या जाहिरातीचा होता. या इमारतीतला त्याच्या ओळखीचा भारतीय म्हणजे मी, शिवाय खात्यातला, म्हणून तो मदत मागायला आला होता. मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की आरोपी मीच. मी म्हटलं, चला वर, आणि दुभाषी म्हणून तिलाच बरोबर घेतलं.

इंजिनिअरने दार उघडलं, पोलिसाच्या हातातली पुडकी पाहिली आणि त्याचा रंग उडाला. आम्ही सगळ्यांनी बूट काढले, चौकशी असली तरी बूट काढायचेच. बसता बसताच तो म्हणाला की दोन्ही पिस्तुलं त्याची आहेत आणि त्यानेच टाकली. पोलिसाने नम्रपणे विचारलं की खेळणी आहेत तर ‘धोका’ का लिहिलं. तो म्हणाला, सवयीने. दोन कशाला, असं विचारल्यावर त्याने घरचं आणि अंगावरचं यातला फरक समजावून सांगितला. माझी मुलगी भाषांतर करत होती आणि पोलीस सगळं गंभीरपणे लिहून घेत होता. मग त्याने विचारलं, "तुम्हाला या घरात कोणाची भीती वाटते?"

"इथे नाही," इंजिनिअर म्हणाला, "तिकडे."

हे ऐकून पोलीस जास्तच काळजीत पडला. ज्याच्याजवळ दोन नकली आहेत, वर धोका लिहिलं आहे आणि जो सरावाची भाषा करतो, त्याच्या घरात एखादं खरंही असेल, अशी शंका कोणालाही येईल. जपानमध्ये खरं पिस्तूल सापडणं म्हणजे तुरुंग. घराची झडती, कंपनीला कळवणं, व्हिसा, सगळंच रांगेत उभं राहिलं.

खोट्या कबुलीजबाबाचे मी पुष्कळ नमुने पाहिले आहेत. खरं कबूल करणारा आधी गप्प बसतो. खोटं कबूल करणारा घाईत असतो, त्याला प्रश्नाच्या आधी उत्तर द्यायचं असतं. मी पोलिसाची परवानगी घेतली आणि एकच धागा धरला. इंजिनिअरला विचारलं, आज खाली काय नेऊन ठेवलंस? कचरा, तो म्हणाला. कुठला? "कचरा म्हणजे... कचरा, काका." आज कुठल्या कचऱ्याचा वार होता, असं विचारल्यावर त्याने आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी बायकोकडे.

माझ्या मुलीने याचं भाषांतर केलं आणि त्या पोलिसाने लिहिणं थांबवलं. ज्याला कचऱ्याचा वार माहीत नाही त्याने हे पुडकं बांधलेलं नाही, हे त्या देशात सिद्ध करायला आणखी साक्षीदार लागत नाहीत.

बायको ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "काका, मी टाकली."

इंजिनिअर ताडकन उठला. त्याला वाटलं होतं की पिस्तुलं त्याच्या छोट्या मुलीने खेळायला नेली आणि खाली राहिली, आणि तिच्यावर बालंट नको म्हणून त्याने अंगावर घेतलं होतं. मला त्या क्षणी तो आवडला. वेडा होता, पण माणूस चांगला होता.

मी तिला बसायला सांगितलं. बाई सांगायला तयार झाली की आपण मध्ये बोलायचं नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो.

"हा रोज प्रॅक्टिस करायचा ना, तेव्हा मला वाटलं, जाऊ दे, खेळणं आहे," ती म्हणाली. "मग याने आम्हाला शिकवायला घेतलं. कोणी घरात शिरलं तर मी पोरीला घेऊन बेडच्या मागे बसायचं, आवाज करायचा नाही. ही पहिलीत आहे, काका. एकटी चालत शाळेत जाते. परवा झोपताना मला विचारलं, तिकडच्या घरात लपायला जागा आहे का. जपानीत विचारलं, म्हणजे याला कळू नये म्हणून. त्या रात्री मी ठरवलं."

पोलिसाला त्याचं काम पुरं करायचं होतं. त्याने तिला समजावलं की कागदात गुंडाळणं, चिकटपट्टी, पिशवी, सगळं नियमाप्रमाणे उत्तम आहे, पण ‘धोका’ हा शब्द फक्त धोकादायक वस्तूवर लिहायचा असतो. यावर ती शांतपणे जपानीत काहीतरी म्हणाली. माझ्या मुलीने हळूच मला सांगितलं, "ती म्हणतेय, म्हणूनच लिहिलं."

पोलिसाने थोडा विचार केला, मान हलवली आणि वाद घातला नाही. पिस्तुलं तो घेऊन जातो म्हणाला, रस्त्यावर ती खिशात घालून फिरू नका अशी इंजिनिअरला ताकीद दिली आणि मला नमस्कार केला. या वेळी घरी सोडायला आला नाही.

आम्हीही निघणार, तेवढ्यात इंजिनिअर खुर्ची वळवून बायकोसमोर बसला. पॅकर्सचे दर, टेक्सासची शाळा, पिस्तुलाची लांबी, गोळ्यांची संख्या, सगळं त्याने शोधून ठेवलं होतं. त्याने विचारलं, "तुला जायचंय का?"

"नाही," ती म्हणाली.

एवढंच. सोमवारी त्याने कंपनीला नकार कळवला. बढती दुसऱ्या कोणाला तरी मिळाली आणि ते त्याला लागलं. काही दिवस तो लिफ्टमध्ये माझ्याशीही तुटक बोलत होता. मला त्याचा राग आला नाही. मोठी संधी सोडून दिलेल्या माणसाला थोडं फुगायचा हक्क असतो. बायको मात्र आमच्याकडे पुरणपोळ्या घेऊन आली आणि मला चौकशी करायला मनाई केलेली होती हे माझी मुलगी त्या दिवशी सोयीस्करपणे विसरली.

मी परत आल्यावर खात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. त्याच्याकडे आता परवान्यांच्या चौकशा आहेत आणि अडलं की तो मला विचारतो. मी त्याला ही केस सांगितली आणि म्हटलं, घरासाठी हत्यार हवं असं कोणी म्हणालं, तर कागद बघण्याआधी त्याच्या घरी चहाला जा आणि बायकोला विचार.

तो हसायला लागला. "साहेब, असं केलं तर निम्मे अर्ज चहावरच बाद होतील."

"होऊ देत," मी म्हटलं. "ज्या घरात खरंच भीती असते ना, तिथे ती आधी बायकोला कळलेली असते. ती म्हणाली द्या, तर डोळे मिटून शिफारस कर."