नवरदेवाची जागा

आंधळगावजवळच्या आमच्या शेतात एक उभा दगड आहे. जमिनीवर सहा फूट दोन इंच, बुडाशी रुंदी अडीच फूट; मी स्वतः टेप लावून मोजला आहे. गावात त्याला नवरदेव म्हणतात. आमच्या घरी लग्न निघालं की पहिली हळद त्यालाच लागते.

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर काही वर्षांनी पुरातत्त्वाचे एक अभ्यासक तो पाहायला आले. दोन हजार वर्षांहून जुना, कुणा मेलेल्याच्या आठवणीसाठी रोवलेला असावा, असं त्यांचं मत पडलं. संरक्षित स्मारकांत नाव लागायचं असेल तर तो आहे तिथेच हवा, असं त्यांनी बजावलं; हलवला की खालच्या मातीतला पुरावा गेला.

त्याच उन्हाळ्यात दादाने, म्हणजे शेत कसणाऱ्या माझ्या चुलतभावाने, धानाच्या खाचरांमधले मातीचे धुरे मोडून चार बांध्यांची एक बांधी करायचं ठरवलं. धान कापायचं यंत्र सरळ फिरलं असतं. नवरदेव नेमका मधोमध येत होता. दादाला तो फोडायचा नव्हता; तलावाच्या पाळीवर टाइल्सचा चबुतरा बांधून तिथे उभा करायचा होता. मी अभ्यासकांचं म्हणणं दोनदा समजावलं. जमीन दोघांची, पण राबणारा तो. "तू त टेप घेऊनच जन्मला," म्हणाला आणि जेसीबी सांगून आला.

आदल्या दिवशी निरोपाची हळद लावायला त्याने काकूला, आपल्या आईला, शेतात आणलं. दगड कुठे न्यायचा, तिने विचारलं. दादाने तलावाकडे हात केला. तिने हळदीची वाटी धुऱ्यावर ठेवली.

"लगन लागाच्या आधी नवरदेवले मांडवातून उठवते का कोणी?"

दादा हसला. "मंग याचं लगन कवा लागते, माय?"

"तुले काहून घाई हाय? तवरी राहू दे त्याले."

दादा दगडाभोवती एक फेरी मारून आला. मग जेसीबीवाल्याला फोन करून म्हणाला, ये, पण मधला दगड सोडून काम करायचं. माझ्याकडून टेप घेतला. चारही बाजूंनी दोन मीटर सोड, मी म्हणालो. त्याने टेप तीनपर्यंत ओढला.

"एवढी जागा कायले?" मी विचारलं.

"नवरदेव एकटा येते का? वऱ्हाड येईन ना."

स्मारकांत नाव अजून लागलेलं नाही. पण पुढच्या पावसाळ्यात अभ्यासक त्यांचे विद्यार्थी घेऊन आले. लावणीत सोडलेल्या पायवाटेने येऊन सगळे त्या मोकळ्या जागेत मावले, धानाचं एकही रोप तुडवलं गेलं नाही. दादाने सर्वांना चहा पाजला.